वीस वर्षांचा उजेड

॥ श्री ॥
कल्याण, आश्विन वद्य ४, शके १८०६

चि. सौ. गोदू हीस राघोदादाचे अ. उ. आ. येथे सर्व खुशाल. तुझ्या मुलांचा खोकला गेला की नाही ते कळवावे.

माडी कुठवर आली म्हणून तू विचारतेस. माडी अजून माझ्या डोक्यातच आहे, आणि काळुराम गवंडी वाळूच्या ढिगावर बसून विड्या ओढतो आहे. कारण ऐकशील तर हसशील. मागच्या चढावरच्या सगुणाबाईने माझ्यावर दावा लावला!

तुला ते घर आठवतच असेल. आपले परसू संपते तिथून चढ लागतो, आणि वर तिचे कौलारू घर. तिची जमीन आपल्या माळ्याच्या उंचीला. तिच्या मागल्या भिंतीची खिडकी आपल्या परसावरून सरळ खाडीकडे पाहते. तिचा पंढरी मिठाचा पडाव, ती मोठी होडी, घेऊन गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला त्या खिडकीत दिवा ठेवते. खाडीतून पोराला दिसावा म्हणून. आता माझ्या माडीची मागची भिंत उठली की ती खिडकी बुजते, हे मला मान्य आहे. पण मी माझ्याच जागेत बांधतो आहे. गोपीनाथ इगतपुरीला रेल्वेत, आणि माझी सून उत्तरा इथे स्वयंपाकघरापुढच्या बोळात निजते. उद्या पाळणा हलेल. घरात एक बरी खोली नको का?

वकील म्हणतात, कायदा सोपा आहे. वीस वर्षे अखंड उजेड घेतला असेल तर खिडकीचा हक्क होतो, नसेल तर नाही. मी शपथेवर लिहून दिले की खिडकी दुष्काळाच्या साली, म्हणजे सात-आठ वर्षांमागे फोडली. म्हातारी म्हणते, पंढरी गेला त्याच महिन्यात फोडली, त्याला वीस वर्षे उलटून गेली. आळीतली जुनी माणसे गेली. तिने साक्षीदार म्हणून तुझे नाव दिले आहे. कोर्टाचा कमिशनर नौपाड्यास तुमच्या घरी येऊन पडद्याआडून तुझी जबानी घेईल. तू तेव्हा लहान होतीस. लहान होते, आठवत नाही, एवढेच म्हणावे. खोटे बोल असे मी म्हणत नाही. लहान होतीस हे खरेच आहे ना?

दौलतरावांस नमस्कार. ते कोर्टात कारकून, त्यांना हे सारे माझ्यापेक्षा अधिक कळते. माया आहे तशी राहू द्यावी.

तुझा,
राघोदादा

॥ श्री ॥
ठाणे, आश्विन वद्य ११, शके १८०६

ती. दादांचे सेवेशी, बालक गोदूचे कृ. सा. न. वि. वि. मुलांचा खोकला गेला, आता मला लागला आहे. वहिनींनी पाठवलेला आवळ्याचा मुरांबा पोचला. बरणीवर मुंग्यांनी आपला हक्क सांगितला होता. त्यांनाही वीस वर्षे झाली असतील.

दादा, थट्टा पुरे करते. मी लहान होते हे खरे, पण त्या खिडकीखाली मी अक्षरे शिकले. मुलीच्या अक्षरांवर आईने तेल जाळू दिले नसते, म्हणून तुम्ही मला परसात घेऊन बसत होता आणि सगुणामावशीच्या दिव्याचा उजेड पाटीवर पडायचा. गजांच्या सावल्या पाटीवर यायच्या आणि तुम्ही म्हणायचा, ओळी आखून मिळाल्या, आता सरळ लिही. तुम्हांला मिसरूड फुटत होते. दुष्काळाच्या साली तर माझी थोरली मुलगी चालू लागली होती. मग मी काय म्हणू?

इकडे विचारले. इकडून म्हणणे पडले की कोर्टातल्या नोकराच्या बायकोने सख्ख्या भावाविरुद्ध जबानी द्यावी हे चार लोकांत शोभणार नाही, आणि न आठवणे हा काही गुन्हा नव्हे.

भिंत हातभर अलीकडे घेता येणार नाही का? किंवा मावशीच्या खिडकीसमोर तेवढी फट सोडता येणार नाही का? खोली थोडी लहान होईल. विचार करावा. मुलीसारखी मानता, तेव्हा एवढे लिहिण्याची हिंमत केली, राग नसावा.

आपली,
गोदू

॥ श्री ॥
कल्याण, पौष शुद्ध ९, शके १८०६

चि. सौ. गोदू हीस अ. उ. आ. वि. वि. निकाल आपल्या बाजूने लागला. दावा फेटाळला, खर्च ज्याचा त्याने सोसावा असा हुकूम झाला.

तुझी जबानी कोर्टात वाचली गेली. एकच ओळ होती, पण तिनेच काम केले. जज्ज म्हणाले की वादीचा स्वतःचा साक्षीदारही खिडकीबद्दल काही सांगू शकत नाही.

सगुणाबाई रडेल, शिव्याशाप देईल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. निकाल वाचून झाल्यावर तिने हात जोडून जज्जांना एकच विचारले, मग त्याला कुठनं दिसंल? जज्जांनी तिच्या वकिलाकडे पाहिले. वकील म्हणाले, दाव्याशी संबंध नसलेले बोलणे आहे. मग पुढच्या दाव्याचा पुकारा झाला.

फट सोडण्याचे तू लिहिलेस ते काळुरामला विचारले. तो म्हणतो, मागल्या भिंतीत भोक ठेवले तर पावसाळ्यात चढावरचे पाणी आत येईल. तेव्हा भिंत सलग. उद्या मुहूर्त आहे. जिलबी पाठवली आहे, मुलांना द्यावी. पत्राची वाट पाहतो, कंजूषपणा करू नये.

तुझा,
राघोदादा

॥ श्री ॥
ठाणे, पौष वद्य २, शके १८०६

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि. जिलबी पोचली. मुलांनी खाल्ली, मी तिला हात लावला नाही.

कमिशनर ओटीवर बसले होते, मी दाराच्या पडद्यामागे. त्यांनी विचारले, सगुणाबाईच्या घराची मागली खिडकी तुम्हांला आठवते काय? मी म्हटले, आठवत नाही. त्यांनी लिहून घेतले, मला वाचून दाखवले आणि पडद्याखालून कागद सहीला आत सरकवला. ज्या उजेडात सही करायला शिकले, दादा, त्याचीच आठवण नाही म्हणून मी सही केली. अक्षर चांगले आहे म्हणून कमिशनरांनी इकडे कौतुक केले.

माझी माया काही आटलेली नाही. पण थोडे दिवस पत्र उशिरा आले तर मागे लागू नये.

गोदू

॥ श्री ॥
कल्याण, वैशाख शुद्ध १२, शके १८०७

चि. सौ. गोदू हीस अ. उ. आ. तुझे पत्र नाही, तरी मी लिहितो आहे, कारण लिहावे असे दुसरे माणूस नाही.

माडी झाली. वास्तुशांत झाली. उत्तरा वर राहायला गेली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिने खाली येऊन विचारले की मामंजी, वर कोणी दिवा लावला का? मी वर गेलो. दिवा नव्हता. पण जमिनीवर उजेड पडला होता.

नीट सांगतो, म्हणजे दौलतरावांना समजावता येईल. मागली भिंत सलग आहे, विटांची, दोन्ही बाजूंनी चुना. तिला भोक नाही, भेग नाही. त्या भिंतीपासून सुरू होऊन जमिनीवर पिवळा चौकोनी उजेड पडतो, आणि त्यात उभ्या गजांच्या सावल्या. खिडकीतून पडावा तसा. दिवेलागणीला येतो, जेवणे आटोपेपर्यंत असतो, मग जातो.

काळुरामला बोलावले. त्याला वाटले, मी मजुरी बुडवायला काही खोड काढतो आहे. संध्याकाळी तो वर आला. त्याने भिंत ठोकून पाहिली, ओल्या बोटाने वारा येतो का पाहिले. मग भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गोदू, त्याची सावली त्याच्यापुढे जमिनीवर पडली! उजेड त्याच्या पाठीमागून येत होता, आणि पाठ तर भिंतीला टेकलेली. तो हळूच बाजूला झाला, पागोटे घातले आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला की उरलेले काम दुसऱ्या गवंड्याला द्यावे.

तुझी वहिनी वर जात नाही. उत्तरा मात्र त्या उजेडात बसून होणाऱ्या बाळाची कुंची शिवते. म्हणते, मामंजी, तेल वाचते.

मी रोज वर जाऊन पाहतो. मला भीती वाटते असे नाही. पण पाहिल्याशिवाय जेवण जात नाही. रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

राघोदादा

॥ श्री ॥
ठाणे, वैशाख वद्य १, शके १८०७

ती. दादांचे सेवेशी कृ. सा. न. वि. वि. पत्र वाचले आणि इकडेही वाचून दाखवले. इकडून म्हणणे असे की खाडीच्या पाण्यावरून उन्हाची तिरीप येत असेल, नवा चुना चकाकतो. मी म्हटले, दिवेलागणीनंतर कसले ऊन? तर हसून पगडी घालून कचेरीत जाणे झाले.

दादा, उजेड कसा आत येतो ते मला ठाऊक नाही. पण तो कोणाचा आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. काळुरामला बोलावलेत, मला लिहिलेत, आणि जिचा उजेड तिला विचारायला चढ चढून गेला नाहीत. ती अजून खिडकीत दिवा ठेवते काय, एवढे तरी विचारून यावे. रिकाम्या हाताने जाऊ नये. अबोला संपला असे समजावे. मलाही तो जड जात होता.

आपली,
गोदू

॥ श्री ॥
कल्याण, आषाढ शुद्ध ६, शके १८०७

चि. सौ. गोदू हीस अ. उ. आ. तुझे ऐकले असते लवकर तर बरे होते. मी जायला फार दिवस लावले, आणि मध्यंतरी आणखी एक गोष्ट सुरू झाली.

जिन्यावर पावले वाजू लागली. उजेड पडला की थोड्या वेळाने खालच्या पायरीपासून सुरू होतात. अनवाणी, टाचेवर जोर देऊन, पडावाच्या फळीवरून चालणारा माणूस चालतो तशी. वर येऊन जरा थांबतात आणि खोलीत जातात. पुढे काही नाही. खाडीच्या चिखलाचा वास तेवढा येतो. उत्तरेनेही ऐकली, वहिनीनेही. वहिनीने देव पाण्यात ठेवले.

मग मी गेलो. नारळ घेऊन गेलो. सगुणाबाई पुढल्या ओटीवर जाळ्याची गाठ सोडवीत बसली होती. मी उभाच राहिलो. तिने बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. मी विचारले, खिडकीत दिवा ठेवतेस का? ती म्हणाली, भित उठली त्या दिसापासून लावला नाय. भितीला कशाला दिवा दावायचा?

मी तिला सारे सांगितले. उजेडाचे ती ऐकत राहिली. पावलांचे सांगितले तेव्हा तिच्या हातातले जाळे खाली पडले. तिने विचारले, वर आल्यावर जरा थांबतो का? मी म्हटले, थांबतो. दम घेतल्यासारखा? मी म्हटले, हो. गोदू, ती हसली. तोंडाला पदर लावून पोरीसारखी हसली. म्हणाली, त्याच्या पोटात पानथरीचं दुखनं होतं, चढण चढला का थांबायचाच.

मी म्हटले, उद्याच भिंत पाडतो. यावर ती उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, खबरदार! इतकी वर्सं माजा पंढरी खिडकीखाली उबा ऱ्हायला आसंल, वर यायला वाट नव्हती. तुज्या घराला जिना हाय. आता तो घरात येतो. भित पाडशील तर त्याला पुन्ना भायेर काडशील. कोर्टानं तुला भित दिली, तू ती ठेव.

दावा मी जिंकला आणि भिंत मोडायची परवानगी आता तिच्याकडे मागतो आहे, अशी माझी गत.

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला आपल्याकडे येते आणि वरच्या खोलीत उजेडाशेजारी बसते. तिला घरात घेतले म्हणून वहिनीने कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच उत्तरेच्या हाती तिच्यासाठी चटई वर पाठवली. आणि आता ऐक. पावले आम्हां सर्वांना ऐकू येतात. तिला येत नाहीत. उजेड दिसतो, पावले ऐकू येत नाहीत. कान तिचे चांगले आहेत. खाली भाजीवाली कुजबुजली तरी तिला कळते. पण आपल्या मुलाचे पाऊल तेवढे कळत नाही.

उत्तरा तिला सांगत असे. आला, मधल्या पायरीवर आहे, थांबला, आत आला. आणि म्हातारी त्या दिशेला तोंड करून बोलत बसे. मिठाचा भाव, कोण मेले, कोणाचे लग्न झाले. पण उत्तरा बाळंतपणासाठी पनवेलला माहेरी गेली. वहिनी वर येत नाही. मी सांगू लागलो तर सगुणाबाई म्हणाली, तू नको सांगू. तुजी शपत मी कोर्टात ऐकली हाय.

म्हणून तू ये. दौलतरावांची परवानगी काढून थोड्या दिवसांसाठी ये. आशीर्वाद आहेतच; आज मला तुझी गरज अधिक आहे.

राघोदादा

॥ श्री ॥
कल्याण, श्रावण शुद्ध ३, शके १८०७

स्वामींचे चरणी दासीचे शि. सा. न. वि. वि. आम्ही सुखरूप पोचलो. मुले मामाच्या घरी हुंदडत आहेत. स्वारीच्या पोटाला जाईबाई वेळेवर करून घालते की नाही ते कळवावे.

निघताना बजावणे झाले होते की डोळे उघडे ठेव आणि दिसेल तेच लिही. तसेच लिहिते.

काल दिवेलागणीला वर गेले. खोलीत दिवा नव्हता. सगुणामावशी चटईवर बसली होती, फार वाळली आहे. मी वाकून नमस्कार केला. तिने मला ओळखले. म्हणाली, तुला ऐकू येईल का, का आठवत नाय म्हनशील? मी तिच्यासमोर बसले. म्हटले, मावशी, खिडकी मला आठवते. मी तिच्या उजेडात लिहायला शिकले. ती म्हणाली, मना ठाव हाय. मी आतनं बगत होते ना! वात मोठी करायचे तुज्यासाटी.

एवढ्यात उजेड पडला. दादांनी लिहिले होते तस्साच. मी हात धरून पाहिला, ऊब होती.

मग पावले आली. मला वाटले होते, मला ऐकू येऊ नयेत. पण आली. जिन्याशी थांबली, मग माझ्या अगदी जवळून गेली. फळीचा आवाज झाला, वास आला. मी सांगितले, आला मावशी. तिने त्याला हाक मारली आणि मला विचारले, तो काय करतो? कुटं बसला?

मी पाहिले. तो दिसत नव्हता. पण तो भिंतीपुढे उभा होता, उजेड जिथून येतो त्याच्या अगदी तोंडाशी, कारण त्याची सावली जमिनीवर पडली होती. खांदे, डोके, भिंतीकडे वर केलेले दोन्ही हात. भिंतीवर तळहात फिरल्याचा आवाज येत होता आणि चुन्याची पूड उजेडात झडत होती. तो भिंत चाचपीत होता. त्याची आई त्याच्या पाठीमागे बसली होती आणि त्याला ते माहीत नव्हते. त्याची सावली तिच्या मांडीवर पडली होती, आणि तिला ती दिसत नव्हती.

तिने पुन्हा विचारले. दादा दारात उभे होते. त्यांनी मला खुणेने सांगितले, बरे वाटेल असे काहीतरी सांग. तुझ्याजवळ बसला आहे म्हण. तेच सोपे होते. म्हातारी त्यावर पुढची वर्षे काढती.

पण या माणसाबद्दल मला एकदा विचारले होते, आणि मी आठवत नाही म्हटले होते. मी सांगितले, मावशी, तो तुमच्याकडे पाठ करून उभा आहे. तो भिंतीत खिडकी शोधतो आहे. तुम्ही इथे आहात हे त्याला ठाऊक नाही.

मग मी तिचा हात धरून तिच्या मांडीवर सावली होती तिथे ठेवला आणि म्हटले, त्याची सावली इथे आहे. तिने तळहात तिथेच ठेवला. थापटले नाही, काही नाही, नुसता ठेवला. उजेड जाईपर्यंत ती तशीच बसली होती.

जिना उतरताना ती दादांना म्हणाली, तो माज्यासाटी नाय आला रं. त्याला आत यायचं नव्हतं. त्याला घरी यायचं होतं. पाड बाबा भित.

मला अजून चार दिवस राहण्याची परवानगी असावी. रागे भरावे, पण परवानगी द्यावी.

आपली,
गोदा

॥ श्री ॥
ठाणे, श्रावण शुद्ध ६, शके १८०७

सौ. गोदावरी हीस दौलतचे अनेक आशीर्वाद. जाईबाई भातात मीठ विसरते, बाकी ठीक.

पत्र दोनदा वाचले. काय म्हणावे ते सुचत नाही, म्हणून कायद्याचे सांगतो. राघोबांनी रस्त्याच्या बाजूची नव्हे, मागची का होईना, भिंत फोडण्याआधी म्युनिसिपालिटीला अर्ज करावा. अर्जात पावलांविषयी काही लिहू नये. सगुणाबाईबरोबर राजीनामा, म्हणजे तडजोडीचा लेख, लिहून मुनसफांकडे दाखल करावा, म्हणजे पुढे वारसांनी ती खिडकी बुजवू नये. कागद मी करून पाठवतो. त्यावर साक्ष म्हणून तुझी सही असावी. तुला करावीशी वाटेल असे मला वाटते. आता लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस, ती माझ्यावर सोड.

राहा चार दिवस. आणि काय झाले ते सर्व लिहावे, गाळू नये.

दौलत

॥ श्री ॥
कल्याण, श्रावण शुद्ध १०, शके १८०७

स्वामींचे चरणी शि. सा. न. वि. वि. राजीनाम्याचा कागद पोचला. दादांनी सही केली, मावशीने अंगठा केला, मी साक्ष घातली. या वेळी अक्षर वाईट आले आहे.

अर्जाचे मात्र राहून गेले. दादांना धीर धरवला नाही. काळुरामला स्वतः जाऊन हातापाया पडून आणले. तो म्हणाला, बांधायला भ्यालो, फोडायला नाही भ्यायचो. त्याने मावशीच्या खिडकीसमोर तेवढीच खिडकी भिंतीत काढली. दोन्हींमध्ये हातभर बोळ. उत्तरेच्या खोलीतून आता मावशीच्या चुलीपर्यंत दिसते, आणि समोरची दादांच्या माडीची पुढली खिडकी उघडी ठेवली की मावशीला पलीकडे खाडी दिसते. पाणी आत येईल ते येईल, दादा म्हणतात.

आज सकाळीच म्युनिसिपालिटीचा शिपाई नोटीस घेऊन दारात. विनापरवाना भिंत का फोडली, कारण लिहून द्यावे. वकिलांनी दादांना कारण सुचवले: हवा खेळण्यासाठी. दादांनी ते ऐकून घेतले आणि आपल्या हाताने लिहून दिले की शेजारच्या घराचा उजेड वीस वर्षांहून अधिक जुना आहे, तो मी अडवला होता, म्हणून फोडली. शपथेवरच्या लेखाच्या उलट लिहिता, अंगाशी येईल, असे वकील म्हणाले. दादा म्हणाले, येऊ द्या. पुढे काय होते ते पाहावे लागेल. त्या बाबतीत तिकडून काही मदत झाली तर व्हावी.

आता कालचे. खिडकी फुटल्यावर त्या संध्याकाळी खोलीत तो उजेड आला नाही. जमीन काळोखी राहिली. मी आणि दादा वर बसलो होतो, आणि काय आश्चर्य, वहिनीही येऊन बसल्या. पलीकडे मावशी आपल्या घरात होती. तिने दिवा घासून पुसून आणला, वात घातली, भिंत उठल्यापासून प्रथमच लावला आणि खिडकीत ठेवला. खरा उजेड आमच्या जमिनीवर पडला. गजांच्या सावल्या पडल्या. ती आत चुलीपाशी गेली, आम्हांला दिसेनाशी झाली.

पावले आली. नेहमीपेक्षा भरभर आली. वर थांबली नाहीत. आमच्या मधून गेली. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. खिडकीपाशी क्षणभर दिवा झाकला गेला, खोलीत अंधार झाला, आणि पुन्हा उजेड. जिन्यावर, खोलीत, बोळात, कुठे काही वाजेना. दादा उठणार होते, मी त्यांना बसवले. आता मला काही ऐकू येत नव्हते. कोणालाच येत नव्हते.

मग पलीकडून मावशीचा आवाज आला. रडका नव्हे, हर्षाचा नव्हे. चांगला रागावलेला. येवढा उशीर करतान का, म्हणाली. पाय धू आदी, चिकलाचा आत येऊ नको, कालवण निवलं.

मोरीत पाणी ओतल्याचा आवाज झाला. त्यानंतर ती मधूनमधून बोलत होती आणि मधूनमधून गप्प होत होती. समोरचे माणूस बोलत असले म्हणजे आपण गप्प होतो तशी.

उद्या दुपारच्या गाडीने मुलांना घेऊन निघते. भेटीअंती सर्व बोलू. तोवर मर्जी राखावी.

आपली,
गोदा